दोनदा पुढे ढकललेले काम

‘‘अहो, विकून टाका ना ती गाडी एकदाची!’’ हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या मराठी मंडळींच्या तोंडून ऐकले आहे, की आता त्याचा राग येत नाही. गेल्या कोजागिरीला मात्र गंमत झाली. मसाला दूध पिता पिता दोघा-तिघांनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारले, ‘‘तुमची ती जुनी लँडक्रूझर अजून चालते म्हणे. आमचीही बारा वर्षांची झाली. घरी काय काय करता येते हो?’’ त्या गप्पांतून हा लेख तयार झाला. आरोग्य आणि अर्थ यांच्या पानावर गाडीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकाच दुपारी चुकता झाला. तो प्रसंग सांगतोच, पण आधी थोडी ओळख.

मी अबकैकला राहतो. अरबी उच्चार बुकैक. दम्माम-खोबरपासून साधारण साठ किलोमीटर आत, हफूफच्या वाटेवरचे हे लहानसे गाव. १९४० साली येथे तेल सापडले आणि पुढे कच्च्या तेलावर प्रक्रिया करणारे जगातले सर्वांत मोठे केंद्र येथे उभे राहिले. १४ सप्टेंबर २०१९ रोजी त्यावर हल्ला झाला, तेव्हा आमच्या गावाचे नाव कराडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. मी एका कंत्राटदार कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो. पदवी अभियांत्रिकीची असली तरी ती संगणकाची. पान्याशी ओळख झाली ती येथे आल्यावरच.

गाडी आहे टोयोटा लँडक्रूझर, १९९७ सालचे मॉडेल, म्हणजे माझ्याहून थोडीशीच लहान. जाणकार हिला ‘८० सीरीज’ म्हणतात. सहा सिलिंडरचे साडेचार लिटरचे पेट्रोल इंजिन, पुढे-मागे अखंड आस, आणि टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी. इलेक्ट्रॉनिक्स बेताचे, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला हात घालायला सोपी. तीन वर्षांपूर्वी ती मी २४,००० रियालना घेतली. आमच्या भाड्याच्या घराला छोटे अंगण आहे. त्यावर पत्रा आहे आणि खाली सिमेंटची सपाट जमीन आहे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

हफूफच्या रस्त्यावरची दुपार

लहानपणी कराडला आमच्या शेजारी वडापची एक जीप होती. तिचे मालक, आमचे काका, रोज पहाटे पहिली फेरी सुरू करण्याआधी बोनेट उघडत. तेल बघत, रेडिएटरचे पाणी बघत, पट्ट्याला बोटाने दाबून बघत. पाच मिनिटांचे काम. मी एकदा विचारले, ‘‘काका, कालच तर बघितलं होतं की.’’ ते म्हणाले, ‘‘कालचं काल झालं.’’

मी मात्र इंजिनिअर! माझ्याकडे कामांची यादी होती. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, पुढच्या चाकांच्या सांध्यात ग्रीस, अशी सगळी कामे तारखेनिशी मांडलेली. त्यात एक ओळ होती : ‘हीटरचा मागचा होज बदलणे.’ इंजिनच्या मागच्या अंगाला, केबिनच्या भिंतीलगत रबराचा एक आखूड होज असतो. त्यातून इंजिनचे गरम पाणी हीटरकडे जाते. त्याच्या टोकाला मला वाळलेल्या कूलंटचा पापुद्रा दिसला होता. म्हणजे तेथून थेंब थेंब पाझर होता. होजची किंमत ३५ रियाल. पण हात पोहोचायला जागा नाही, काम तीन तासांचे. मी एका शुक्रवारी ते पुढच्या शुक्रवारवर टाकले. पुढच्या शुक्रवारी पाहुणे होते. शिवाय वाळवंटात हीटर लागतो कोणाला, असाही विचार मनात आला. तो विचार किती चुकीचा होता, हे पुढे कळले. हीटर लावा किंवा लावू नका, त्या होजमधले पाणी इंजिनचेच असते.

जुलै महिना. आम्ही तिघे, मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी, हफूफच्या कैसरिया बाजारात सकाळ घालवून परत निघालो होतो. दुपारचे दोन. एसी जोरात चालू. मध्येच त्याची हवा कोमट यायला लागली. मी काट्याकडे पाहिले तर तापमान लाल पट्ट्याला टेकलेले. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. बाहेर लोखंड तापवल्यासारखा वारा. दोन्ही बाजूंना वाळू, सावली म्हणायला आमच्याच गाडीची, तीही हातभर.

मी पंधरा मिनिटे थांबलो. मुलगी रडायला लागली होती. पाणी कमी झाले असणार, दीड लिटरची एक बाटली ओतली की निघू, असा माझा हिशेब. टॉवेल घेतला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले.

येथे थोडे शास्त्र सांगतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटर बंद असतो आणि झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली पाणी ११५-१२० अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण उघडले की दाब क्षणात जातो आणि सगळे पाणी एकदम वाफ व्हायला धावते. आपल्या प्रेशर कुकरचेच तत्त्व. कुकरची शिटी पडल्याशिवाय झाकण काढू नये, हे मला आईने सहाव्या वर्षी शिकवले होते.

उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. चेहरा वाचला तो केवळ मी बाजूला उभा होतो म्हणून. बायकोने पहिली बाटली माझ्या हातावर रिकामी केली. आमच्याकडे दोनच बाटल्या होत्या. दुसरी मी मागितली, रेडिएटरसाठी. ती तिने मुलीला कुशीत घेऊन छातीशी धरली आणि म्हणाली, ‘‘ही तिची आहे. गाडी इथेच राहिली तरी चालेल.’’

तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

पंचवीसएक मिनिटांनी एक पिकअप थांबली. मागे मेंढ्या होत्या. चालवणाऱ्या वयस्कर स्थानिक गृहस्थांनी काही न विचारता बर्फाचा डबा उतरवला, मुलीला गार पाणी दिले, माझा हात बघून ‘‘ला हौल’’ म्हणाले आणि आम्हाला केबिनमध्ये दाटीवाटीने बसवून दवाखान्यात सोडले. पैशांचे नाव काढल्यावर त्यांनी हात झटकला. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत आजही आहे.

एका होजचा हिशेब

हात तीन आठवड्यांत बरा झाला. गाडीला जास्त वेळ लागला. इंजिन इतके तापले होते, की सिलिंडर हेडचा गास्केट गेला आणि हेड किंचित वाकले. सनाइयातल्या उस्तादांनी ते उतरवले, मशीनवर सपाट करून आणले आणि पुन्हा बसवले. उचलून आणण्याचे भाडे, गास्केट, मशीनिंग, मजुरी, टॅक्सी आणि औषधपाणी धरून ४,२५० रियाल.

तोपर्यंतच्या दीड वर्षात घरी काम करून मी वाचवलेल्या मजुरीचा आकडाही माझ्याकडे होता. तो मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे : १,९०० रियाल. म्हणजे घरच्या दुरुस्तीत जे मिळवले, त्याच्या दुप्पटीहून अधिक एका दुपारी गेले. दुरुस्ती मला जमत नव्हती म्हणून नव्हे. जी दुरुस्ती हवी हे मला ठाऊक होते, ती मी दोनदा पुढे ढकलली म्हणून.

मग गाडी विकून का टाकली नाही? तोही हिशेब मांडतो. तीन वर्षांत दुरुस्तीवर अनुक्रमे ४,१००, ६,९०० आणि २,६०० रियाल गेले, एकूण १३,६००. म्हणजे महिन्याला सुमारे ३७८. आज ती १८,००० ला जाईल असे धरले, तर किमतीतली घट ६,००० म्हणजे महिन्याला १६७. दोन्ही मिळून ५४५. पेट्रोल ती पिते हे मान्य. लिटरला पाच किलोमीटर, महिन्याला १,२०० किलोमीटर, म्हणजे २४० लिटर. ९१ ऑक्टेनचा लिटरला २.१८ रियाल हा दर धरून ५२३. एकूण महिन्याचा खर्च १,०६८ रियाल.

नव्या चारचाकी-ओढीच्या गाडीसाठी मला पाच वर्षांचा हप्ता सांगितला होता महिना २,३०० रियाल. तिचे पेट्रोल २९० धरा. एकूण २,५९०. यातला काही भाग ती विकताना परत मिळेल, हे खरे. पण आपल्यापैकी बहुतेकांचे करार वर्षा-दोन वर्षांचे. २०२० च्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क झाले, त्याच महिन्यात मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. तेव्हा कितीतरी घरांत बायको-मुलांना भारतात पाठवायचे की नाही, यावर रात्री जागल्या. कायमचे परत जायची वेळ आली, तर गाडी आधी आपल्या नावावरून उतरवावी लागते. कर्ज डोक्यावर असताना घाईत गाडी विकणाऱ्याला भाव कोण देणार? जुन्या गाडीने मला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे नोकरी गेलीच, तर डोक्यावर हप्ता नाही.

मात्र हे गणित एका अटीवर खरे आहे. दर महिन्याला ४०० रियाल मी ‘गाडी’ या नावाने वेगळे काढतो. खर्च झाले नाहीत तर साठतात. ज्याच्याकडे ही पुंजी नाही, त्याला जुनी गाडी स्वस्त पडत नाही. मोठे काम निघाले की तो ते ढकलतो आणि मग माझ्यासारखे होते. आणि एकच दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर विकायची, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.

घरी काय करावे

१. कूलंट : ‘येथे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला?’ असे म्हणून नळाचे पाणी भरू नका. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतला गंज थांबतो. नळाच्या पाण्याने आत क्षार साठतात. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण ठेवा. पातळी नेहमी गार इंजिनवर बघा. पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर ते कोठेतरी जात आहे. भरत राहू नका, शोधा.

२. रबर : उष्णतेने रबर फार लवकर म्हातारे होते. साधारण दहा अंश तापमान वाढले, की अशा रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा ठोकताळा आहे. म्हणून पुण्यात सहा वर्षे टिकणारा होज येथे तेवढा टिकेल असे समजू नका. होज दाबून बघा. कडक, भेगाळलेला किंवा उलट पिठासारखा मऊ लागला तर बदला. बॅटरीचेही तेच.

३. रेडिएटरचा पंखा : जुन्या गाड्यांत पंख्याच्या मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. गार, बंद इंजिनवर पंखा हाताने फिरवा. थोडा अडकत फिरला तर ठीक. भिंगरीसारखा गरगरला तर क्लच गेला.

४. एअर फिल्टर : जूनमध्ये शमाल वारे सुटले, की दर पंधरवड्याला उघडून बघा. वादळानंतर लगेच.

५. टायर : टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी जुना टायर येथील उन्हात धोक्याचा. वाळूत जाताना हवा कमी केली असेल, तर हमरस्त्यावर येण्याआधी भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

६. पुढचे सांधे : अखंड आस असलेल्या गाडीत पुढच्या चाकामागच्या गोलावर काळा, पातळ चिखल दिसला, तर आतला सील गेला आणि डिफरन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळले, असे समजा.

ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे सांधे आणि एसीचा गॅस मी स्वतः करत नाही. ती कामे सनाइयात. सुटे भाग घेताना दुकानदार विचारतो, ‘‘अस्ली की तिजारी?’’ म्हणजे मूळ कंपनीचा की बाजारी? दाराचे हँडल तिजारी चालेल. होज, थर्मोस्टॅट आणि ब्रेकचे सामान अस्लीच घ्या. तशलीहमधून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भंगार बाजारातून, काच किंवा आरसा जरूर आणा, पण रबराची वस्तू कधीही नको. वर्षाची ‘फहस’ जवळ आली, की महिनाभर आधी स्वतःच ब्रेक, दिवे आणि धूर बघून घ्यावा. रांगेत दोनदा उभे राहणे वाचते.

शरीराची काळजी

गाडीखाली शिरण्याआधी हे वाचा. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली धरून ठेवण्यासाठी नव्हे. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा खाली घालू नये. स्टँड सिमेंटवरच लावावा. वाळूत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर तो रुततो. माझ्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर आहे. मागचा आस उचलला की तो निरुपयोगी होतो. ज्या गाड्यांना कायम चारही चाकांची ओढ असते, त्यांत एक चाक अधांतरी झाले तर ‘पी’ गिअरमध्येही गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा.

सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन या वेळात कामगारांना उन्हात काम करायला लावण्यास बंदी आहे. हा नियम स्वतःलाही लावा. मी पहाटे साडेचारला सुरुवात करतो आणि आठला हात धुतो. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येईनासा झाला, तर काम तेथेच सोडून गार जागी या.

वापरलेले इंजिन ऑइल त्वचेवर वर्षानुवर्षे लागत राहिले तर कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घाला. जुने ऑइल वाळूत ओतू नका, ऑइल बदलणाऱ्या दुकानात नेऊन द्या. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेले लगेच पुसा, मुले आणि मांजरे दोघांनाही ते भुलवते. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. आणि भाजलेच तर आधी अंगठी-घड्याळ काढा, वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. रेड क्रिसेंटचा क्रमांक ९९७.

आणि उन्हाळ्यात गाव सोडताना प्रत्येक माणसामागे पाच लिटर पिण्याचे पाणी. रेडिएटरचे वेगळे. आमच्या गाडीत आता दोन रंगांचे कॅन आहेत, म्हणजे पुन्हा कोणाला निवड करावी लागू नये.

वहीचे पान

त्या जुलैनंतर माझी संगणकावरची यादी बायकोने बंद केली. आता एक शंभर पानी वही आहे, ती तिच्या ताब्यात असते. गाडी तीही चालवते, त्यामुळे तिला अधिकार आहेच. काम पुढे गेले, की त्यापुढे ती एक फुली मारते. दोन फुल्या झाल्या, की गाडीची किल्ली कपाटात. मग ते काम मी करायचे किंवा सनाइयात न्यायचे. तिसरी फुली नाही. माझ्या सगळ्या नियमांत हा एकच खरा उपयोगी ठरला, आणि तो माझा नाही.

जाता जाता एक सांगतो. हाताचे ड्रेसिंग करताना दवाखान्यात माझा रक्तदाब मोजला होता. १५०/९६. ‘‘वेदनेमुळेही असेल, पण दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा,’’ असे डॉक्टर म्हणाले. मी ‘हो’ म्हणालो. नंतर रिलीज होते, मग ऑडिट होते. एके दिवशी गाडीची वही उघडली तर त्यात ब्रेक पॅड आणि एअर फिल्टरच्या मध्ये तिच्या अक्षरात एक ओळ होती : ‘स्वतः – रक्तदाब.’ पुढे दोन फुल्या.

त्या संध्याकाळी मी तपासून आलो. आता गोळी चालू आहे आणि आकडा आटोक्यात आहे. वाचकहो, तुमच्या गाडीची आणि तुमचीही अशी एखादी ओळ कोठेतरी वाट बघत असेल. येत्या शुक्रवारी बोनेट उघडाल तेव्हा तीही वाचा.